पाणी बिघडलं तर पुरावा गॅसच्या विहिरीशेजारच्या माणसानेच का द्यायचा?

फ्रॅकिंग म्हणजे जमिनीत खोल विहीर पाडून, केमिकल्स घातलेलं पाणी जोराच्या दाबाने सोडून खडक फोडायचा आणि त्यातला गॅस काढायचा. याने पिण्याचं पाणी बिघडतं म्हटलं की एक उत्तर ठरलेलं असतं. अहो, खडक फोडतात तो दीड-दोन किलोमीटर खाली, पिण्याचं पाणी तर किती वर असतं, मधल्या एवढ्या जाड थरातून वर काय येणार? आणि हे बऱ्याच अंशी खरंय. पण तिथपर्यंत पोचायला ड्रिल पाण्याच्या थरातूनच खाली जातं ना, तिथे राखण करतो तो फक्त स्टीलचा पाइप आणि त्याच्याभोवती ओतलेलं सिमेंट, आणि ते सिमेंट नीट बसलं नाही किंवा काही वर्षांनी त्याला चिरा गेल्या की मिथेन (म्हणजे मुख्यतः तोच गॅस) त्याच फटीतून वर सरकत शेजारच्या घराच्या बोअरमध्ये शिरतो. तळाशी पाडलेल्या भेगांवर वाद घालत बसलं की हे सगळं आपोआप बाजूला पडतं.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं डिमॉक गाव घ्या. १ जानेवारी २००९ ला तिथे एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. राज्याच्या पर्यावरण खात्याने कॅबट ऑइल अँड गॅस कंपनीच्या गॅसच्या सदोष विहिरींना जबाबदार धरलं, कंपनी म्हणत राहिली की इथल्या पाण्यात मिथेन आधीपासूनच आहे. आता त्या भागात नैसर्गिक मिथेन असतो हे खरंच आहे, पण मग ड्रिलिंगच्या आधी प्रत्येक घरचं पाणी तपासून रिपोर्ट ठेवलेला नसेल तर त्या बिचाऱ्या घरवाल्याने सिद्ध काय आणि कसं करायचं? नंतर कोटेरा नाव झालेल्या त्या कंपनीने २०२२ मध्ये कोर्टात गुन्हा कबूलही केला नाही आणि आरोपाला आव्हानही दिलं नाही, आणि पाण्याच्या लाइनसाठी १.६ कोटी डॉलरपेक्षा जास्त द्यायचं मान्य केलं. स्फोट २००९ चा, हे २०२२ ला!! मधली सगळी वर्षं लोकांनी काय प्यायचं?

ड्यूक युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०११ मध्ये त्याच भागातल्या पाण्याच्या विहिरी तपासल्या, तर गॅसच्या विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत मिथेनचं प्रमाण खूपच जास्त निघालं. फ्रॅकिंगची केमिकल्स मात्र त्यांना पाण्यात सापडली नाहीत, हेही सांगायला हवं. पण केमिकल्स शोधायची तरी कशी, कंपन्या बरीच नावं ट्रेड सिक्रेट म्हणून झाकून ठेवतात आणि अमेरिकेच्या २००५ च्या एनर्जी पॉलिसी अॅक्टने तर (डिझेल सोडून) फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेच्या केंद्रीय कायद्यातूनच वगळलं. काय शोधायचं ते सांगणार नाही, आणि वर पुन्हा सापडलं का विचारणार. मला याचा खरंच संताप येतो.

मग घाण पाणी. फ्रॅकिंगच्या एका विहिरीला साधारण ५७ लाख ते ६ कोटी लिटर पाणी लागतं, आणि वर येताना ते खाऱ्या पाण्याबरोबर बेरियम, रेडियम असलं काय काय घेऊन येतं. हे बरंचसं परत जमिनीत खोल सोडतात. अमेरिकेतल्याच ओक्लाहोमा राज्यात तेल-गॅसच्या विहिरींचं असंच पाणी (त्यात फ्रॅकिंगचा द्रव कमी, खडकातलं खारं पाणीच जास्त) इतकं सोडलं की जिथे पूर्वी ३ तीव्रतेच्या वरचे भूकंप वर्षाला एखाद-दोन व्हायचे तिथे २०१५ मध्ये ९०० च्या आसपास झाले आणि २०१६ ला पॉनीजवळ ५.८ चा बसला. पाणी सोडणं कमी करायला लावल्यावर भूकंपही कमी झाले, यापेक्षा वेगळा पुरावा काय असतो?

गॅस जाळला की कोळशाच्या निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो हे मान्य. पण न जळता सुटलेला मिथेन २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो, आणि २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतली गळती उत्पादनाच्या २.३ टक्के निघाली, सरकारी अंदाजापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त.

पेनसिल्व्हेनियानेच २०१२ च्या कायद्यात एक बरी गोष्ट केली. गॅसच्या विहिरीपासून २,५०० फुटांच्या आतलं पाणी बिघडलं तर दोष कंपनीचाच धरायचा, नसेल तर ते कंपनीने सिद्ध करायचं. मला हेच तर हवंय! पण मुदत किती, तर फक्त १२ महिने. सिमेंट काय वर्षभरातच तडकतं का? विहीर कित्येक वर्षं गॅस देते आणि मालक दिवाळखोर होऊन निघून गेला की मागे उरलेल्या बेवारस विहिरी बुजवायला अमेरिकेला २०२१ मध्ये सरकारी तिजोरीतून ४७० कोटी डॉलर काढावे लागले. म्हणून ती जबाबदारी विहीर पक्की बुजवून झाल्यावरही पुढे बरीच वर्षं राहिली पाहिजे, बुजवायचा पूर्ण खर्च ड्रिल लागायच्या आधी जमा झाला पाहिजे, आणि आजूबाजूच्या प्रत्येक घरचं पाणी त्याआधी तपासून रिपोर्ट त्या घरवाल्याच्या हातात दिला पाहिजे, कंपनीच्या कपाटात नाही.