कोकणातली निवडणूक फक्त म्हातारी माणसं ठरवतात?

निवडणूक जवळ आली की गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मतलब तोच असतो: 'कोकणात आता म्हातारेच उरलेत. तेच आमदार-खासदार ठरवतात. डोळे मिटून जुन्या चिन्हावर बटण दाबतात, आणि आता तर त्यांची मतं घरी येऊन गोळा करतात. म्हणून कोकण मागे राहिलं.' चांगली शिकलेली माणसंही हा मेसेज पुढे ढकलतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासू.

'म्हातारेच उरलेत.' गावं रिकामी होताहेत हे खरं आहे. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. पण गेलं कोण? मुख्यतः कमावते पुरुष. २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. भातलावणी करणारी, बचतगट चालवणारी, पोरांना शाळेत सोडून काजू फॅक्टरीत जाणारी बाई या मेसेजमध्ये कुठे दिसतच नाही. साठीपुढच्यांचं प्रमाण इथे राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, पण राज्याची सरासरीच तेव्हा जेमतेम दहा टक्के होती. निम्मे मतदार म्हातारे, असं चित्र कुठल्याच तालुक्यात नाही.

'तेच ठरवतात.' मतदारयादी म्हणजे गावात रोज चूल पेटणाऱ्या घरांची यादी नव्हे. नोकरीसाठी मुंबईकडे गेलेल्या चाकरमान्याचं नाव अनेकदा गावच्याच यादीत असतं. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचं रहिवासीपण जातही नाही. या दोन वाक्यांच्या मधे चाकरमानी उभा आहे. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून गाड्या भरून येतात त्या काही म्हाताऱ्यांच्या नसतात.

'डोळे मिटून जुनं चिन्ह.' या एका वाक्याचा मला खरोखर राग येतो. मे २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभेला सिंधुदुर्गातल्या तीन विधानसभा क्षेत्रांनी महायुतीच्या नारायण राणेंना आघाडी दिली, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण, रत्नागिरी, राजापूरने ठाकरे गटाच्या विनायक राऊतांना. दोन्ही जिल्हे वयाने सारखेच पिकलेले, कौल मात्र उलटे. सहा महिन्यांनी विधानसभेला दोन्ही जिल्ह्यांतल्या आठपैकी सात जागा महायुतीने घेतल्या, एक गुहागर तेवढं राहिलं. सहा महिन्यांत कुणाचं वय बदललं नव्हतं. शिवाय जुनं चिन्ह म्हणजे नक्की कुठलं? पक्षच फुटलेले, तेव्हा चिन्ह कुणाकडे गेलं हे आजोबांनाही नव्यानेच समजून घ्यावं लागलं.

'घरी येऊन गोळा करतात.' २०२४ पासून ही सोय ८५ च्या पुढच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आहे. त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत १२-डी अर्ज भरावा लागतो. मग मतदान कर्मचाऱ्यांचं पथक येतं, चित्रीकरण होतं, उमेदवारांच्या प्रतिनिधींना हजर राहता येतं. मत मात्र आडोशाला, मतपत्रिकेवर, पाकिटात बंद. २०२४ मध्ये देशात ८५ वरचे मतदार सुमारे ८२ लाख होते, एकूण ९७ कोटींच्या आसपास. शंभरात एकही नाही. उलट अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेल्या आजींना ही सोय मिळत नाही. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी उतरून त्यांनाच शाळेपर्यंत जावं लागतं.

म्हणजे वयाचा आणि निवडणुकीचा संबंध नाही? आहे, आणि भरपूर आहे, पण मेसेज सांगतो त्याच्या नेमका उलट. गाव म्हातारं होतं तेव्हा त्याची ताकद वाढत नाही, आटते. मतदारसंघांच्या जागा जनगणनेवर ठरतात, मतदारयादीवर नाही. २००१ च्या आकड्यांवर २००८ मध्ये पुनर्रचना झाली, तेव्हा या दोन जिल्ह्यांच्या ११ विधानसभा जागांच्या ८ झाल्या. खेड, संगमेश्वर, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही मतदारसंघांची नावं पुसली गेली. नाथ पै आणि मधू दंडवते यांचा राजापूर लोकसभा मतदारसंघही गेला. त्याच वेळी ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर पोचला. विरारला, दिव्याला, डोंबिवलीला राहणारा आमचा चाकरमानी जनगणनेत तिथे मोजला जातो. त्याच्या डोक्यावर जागा तिथे वाढते आणि मत तो इथे येऊन टाकतो.

गावात थांबलेल्या आई-बापांना मागासलेपणाचा दोष देणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून बघावं. जागा कमी झाल्या त्या तरुण गेल्यामुळे, आणि तरुण गेले ते काम नसल्यामुळे. त्यात म्हाताऱ्यांच्या मताचा काय दोष?

नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पुढची पुनर्रचना त्यानंतरची, आणि २००१ नंतर घटलेली माणसं त्या हिशेबात पहिल्यांदाच धरली जातील. आठातली आणखी एखादी जागा गेली तर विधानसभेत कोकणासाठी बोलणार कोण, हे मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आत्तापासून विचारायला हवं.