अॅलन रिकमन ४२व्या वर्षी अॅक्टर झाला? नाही हो!

ती मोटिव्हेशनल पोस्ट परत फिरतेय, की 'हॅरी पॉटर'मधला स्नेप साकारणाऱ्या ब्रिटिश अॅक्टर अॅलन रिकमनने ४२व्या वर्षी ग्राफिक डिझायनिंग सोडून अॅक्टिंग सुरू केली. अर्धवट माहिती आहे ही. 'डाय हार्ड' १९८८ला आला तेव्हा तो ४२चा होता आणि तो त्याचा पहिला पिक्चर, एवढंच खरं. डिझाईन स्टुडिओ सोडून लंडनच्या राडा (RADA) या नाट्यशाळेत शिकायला गेला तेव्हा २६चा होता! मग वर्षानुवर्षं नाटकं, १९८२ला बीबीसीच्या सिरीयलमधला तेलकट पाद्री स्लोप (बघाच, स्नेपचा थोरला भाऊ वाटतो), १९८५ला रॉयल शेक्सपियर कंपनीच्या 'ले लिएझाँ दांजरूझ' नाटकात व्हॅलमाँ, तेच नाटक पुढे ब्रॉडवेला गेलं, १९८७ला टोनी या ब्रॉडवेच्या नाट्यपुरस्काराचं नॉमिनेशन, आणि तिथलंच काम बघून 'डाय हार्ड'वाल्यांनी त्याला उचललं. 'डाय हार्ड'चा व्हिलन हान्स ग्रुबर करायच्या आधी गडी दशकभराहून जास्त स्टेजवर घासून आलेला.