'रेशीम चीनचंच ना?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'पैठणी: दोन हजार वर्षांचं रेशीम' या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. रेशीम मुळात चीनचं, मी ते ओढूनताणून आपलं केलं. पैठणी सातवाहनकाळापासूनची आहे याला पुरावा नाही. आणि सोवळ्याचं कौतुक करताना उकळून मारलेल्या किड्यांबद्दल चकार शब्द नाही.

दुसरा आधी घेतो, कारण तिथे मी उघड चुकलो. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात पैठणचं नाव येतं, तेवढ्यावर मी उडी मारली होती. परत उघडून पाहिलं. पैठणहून गुजरातेतल्या भडोच बंदराला गाड्या भरून जातात ते अकीकाच्या जातीचे दगड. कापड जातं धाराशिवजवळच्या तेर गावाहून, तेही साधं सुती आणि मलमल. या दोन्ही गावांच्या मालात रेशमाचं नावही नाही. शीर्षक आजच बदलतो.

पहिला आक्षेप मात्र अर्धाच मान्य. चीनचं आहे ते तुतीच्या पाल्यावर वाढणाऱ्या किड्याचं रेशीम, आणि पैठणीत तेच असतं, म्हणून तिच्यापुरतं तुमचं बरोबर. पण सिंधू संस्कृतीतल्या हडप्पा आणि चन्हुदडोला सापडलेले चार हजार वर्षांहून जुने तंतू रानरेशमाचे, टसरच्या कुळातले आहेत. इतक्या लांब कशाला, आपल्या नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तांब्याचे मणी मिळाले, त्यांच्या दोऱ्यात कापसाबरोबर रेशीम निघालं; काळ इ.स.पू. १५०० च्या आसपासचा. पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'कौशेय' (कोशाचं रेशीम) आणि 'चीनपट्ट' (चिनी रेशीम) शेजारीशेजारी येतात. सगळंच रेशीम चीनहून येत असतं तर एकाच मालाला दोन नावं कशाला लागली असती?

आता किडे. हे लेखात यायला हवं होतं, टाळलं हे खरं. पाखरू कोश फोडून बाहेर पडलं की सलग धाग्याचे तुकडे होतात, आणि एका कोशात तो धागा सातआठशे मीटर सहज भरतो. म्हणून त्याला आतच वाफेने किंवा उन्हाने मारतात. टसर रानातलं म्हणून सुटतं असंही नाही, त्याचेही बहुतेक कोश उकळतात. आसामातल्या एरीचा कोश एका तोंडाने उघडाच असतो. पाखरू निघून गेल्यावर तो कापसासारखा कातता येतो, पण ती झळाळी मग येत नाही.

तरी सोवळ्याला तुम्ही 'ढोंग' म्हणालात ते पटलं नाही. मनुस्मृतीत (५.१२०) रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने शुद्ध होते असं आहे. तिथे सगळी चिंता विटाळाची. किड्याच्या जिवाचा विषयच नाही. माझी आजी सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून स्वयंपाक करायची, तिने कधी अहिंसेचा दावा केला नाही. तिला निर्दय म्हणा हवं तर.

गडचिरोलीच्या आरमोरीकडे ऐनाच्या झाडांवर वाढणाऱ्या टसरच्या कोशांवरचा लेख अर्धा लिहून पडलाय. त्यात कोश उकळण्याचा भाग आता पहिल्या परिच्छेदात घेतोय.