रविवारची उडी

नागपुरात नवख्या रनरचे पाय रविवारी बिघडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आठवडाभर वॉकर्स स्ट्रीटवर इमानदारीनं तीन-तीन किलोमीटर होतात. रविवारी ग्रुप भेटतो, कोणीतरी म्हणतं, "चल ना बे, फुटाळ्यापर्यंत जाऊन येऊ, हळूहळूच तर जायचं आहे," आणि तिनाचे सात होतात. त्या दिवशी काहीच दुखत नाही, उलट फोटो छान येतात. नडगी दुखायला लागते पंधरा-वीस दिवसांनी, आणि तोवर तो रविवार कोणाच्या लक्षातही नसतो. मग खापर फुटतं बुटांवर नाहीतर सिमेंटच्या रस्त्यांवर.

आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. माझ्या मते तो मोजतो चुकीच्या जागी. नेदरलँड्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५३२ नवख्यांचे दोन गट केले होते. एकाला १३ आठवड्यांचा, दहा टक्क्यांच्या हिशेबानं चढणारा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला ८ आठवड्यांचा नेहमीचा. दुखापती दोन्हीकडे सारख्याच, साधारण पाचातल्या एकाला. पुढे २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पाच हजारांवर रनर्सच्या घड्याळांतल्या नोंदी तपासल्या. मागच्या ३० दिवसांत जे सर्वांत लांब धावलात, त्याहून एखादा रन १० टक्क्यांपेक्षा जास्त लांबला की धोका वाढत होता. तो दुपटीच्या वर गेला, तर धोकाही दुपटीच्या वर. आठवड्याच्या बेरजेवरून मात्र असा काही अंदाज बांधता येत नव्हता. आणि ही मंडळी बऱ्यापैकी मुरलेली होती. नवख्यानं तर आणखी जपायला हवं.

कारण साधं आहे. दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो, त्यामुळे माणसाला वाटतं आपण तयार झालो. स्नायूंना जास्त वेळ लागतो, स्नायुबंधांना महिने. हाडाचं काम तर आपल्या सिमेंट रस्त्यासारखं चालतं: आधी खोदकाम, मग भरणी, मग पक्कं होणं. नवा भार पडला की शरीर जुनं हाड थोडं कोरून काढतं आणि त्या जागी नवं भरतं. ते पुरतं टणक व्हायला तीनेक महिने जातात. म्हणजे तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात दम जोरात असतो आणि हाड नेमकं खोदलेल्या अवस्थेत.

म्हणून पहिले १२ आठवडे अंतर मोजूच नका, मिनिटं मोजा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस खंड. सुरुवातीला पाच मिनिटं झपझप चालायचं. पहिले दोन आठवडे १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं आठ वेळा. पुढचे दोन आठवडे २ आणि २, सहा वेळा. पाचव्या-सहाव्यात ३ धावणं, १ चालणं, सहा वेळा. सातव्या-आठव्यात ५ आणि १, पाच वेळा. नवव्या-दहाव्यात १० आणि १, तीन वेळा. शेवटचे दोन आठवडे २५ ते ३० मिनिटं सलग. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा, त्यात कमीपणा नाही.

अर्ध्या तासात नवखा साधारण चार किलोमीटर जातो. इथून फक्त एक लाँग रन, म्हणजे आठवड्यातला सर्वांत लांब रन, वाढवायचा, बाकीचे दोन तीन-चार किलोमीटरवरच ठेवायचे. पायऱ्या अशा: ४.४, ४.८, ५.२, मग एक आठवडा परत ४ वर. ५.७, ६.२, ६.८, पुन्हा एक हलका आठवडा. ७.४, ८.१, ८.९, हलका आठवडा, मग ९.७ आणि १०. झाले १४ आठवडे. मृगात सुरुवात केली तर मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या, सुमारास अर्धा तास सलग होतो आणि डिसेंबरात, अधिवेशनाच्या थंडीत, १० किलोमीटर. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, उतरल्यावर सुरू करण्याचा हा फायदा. एप्रिल-मेमध्ये सुरू करायचंच असेल तर पहाटे पाचलाच, आणि पेस विसरून. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात.

वेग किती? धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे, घड्याळ काहीही सांगो. पावलं लांब टाकू नका. एका मिनिटात पावलं किती पडतात ते मोजा आणि त्यात पाच टक्के वाढवा: १६० असतील तर १६८. पाऊल शरीराच्या खालीच पडतं आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. हा बदल फुकट आहे, तरी लोक आधी बूट बदलतात.

सिमेंटच्या रस्त्याबद्दल जी ओरड आहे ती मला अर्धीच पटते. जमीन टणक असली तर पाय आपोआप थोडा मऊ पडतो, हे शरीर बऱ्यापैकी सांभाळून घेतं. खरा त्रास रस्त्याच्या कडेच्या उताराचा. रोज एकाच बाजूनं गेलात की एक पाय सतत खाली पडतो, म्हणून जाताना-येताना बाजू बदला, अर्थात ट्रॅफिक बघून. उखडलेल्या गट्टूंवर घोटा मुरगळतो तो वेगळा. आणि सेमिनरी हिल्सची चढण दम काढते, पण मांड्या आणि गुडघे दुखवते उतरण. पहिले तीन महिने तिथे चढा धावत, उतरा चालत.

दुखणं ओळखायला शिका. नडगीच्या आतल्या कडेला पाच-सहा सेंटीमीटर पसरून दुखत असेल तर भार कमी करून बहुधा निवळतं. पण बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी, हाडावर, दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे. हाडाला बारीक चीर असली तरी सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. बाकी दुखण्याला दहापैकी गुण द्या. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं असेल तर चालेल. त्यावर असेल, किंवा धावण्याची ढब बदलत असेल, तर थांबा. पेनकिलर घेऊन धावू नका. दुखणं झाकलं जातं आणि उन्हात मूत्रपिंडांवर ताण येतो.

आठवड्यातून दोनदा पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर, मग तीन सेकंदांत सावकाश खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून आणि मग थोडा वाकवून. सोबत उठाबशा. धावण्याआधी उभ्या उभ्या ताणण्यानं दुखापत टळते असं काही दिसत नाही. पाच मिनिटं चालणं पुरतं. बूट घालताच पायाला बरे वाटणारे घ्या, पुढे अंगठ्याच्या रुंदीची जागा ठेवून. तळात कार्बनची पट्टी असलेल्या महागड्या रेसच्या बुटांचा मोह सध्या नको. तर्री पोहे धावून झाल्यावर.

दिवाळी, लग्नसराई, ताप यांनी खंड पडणारच. आठवडाभराचा असेल तर मागची पायरी पुन्हा करा. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर शेवटच्या लाँग रनच्या अर्ध्यावर या. महिन्याहून जास्त झाला तर ३० दिवसांच्या खात्यात शिल्लक शून्य. ऑक्टोबरात ८ धावलो होतो हा आकडा तेव्हा कामाचा नाही. ५ मिनिटं धावणं, १ चालणं, तिथून.