कशावर पडलास?

गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, महिनाभराचा उपास वसूल करायच्या इराद्याने, मी मालवणच्या बाजारातून बांगडे घेऊन आलो. खळ्याच्या तिसऱ्या चिऱ्यावर पाय पुढे गेले आणि मी मागे राहिलो. बांगडे सुटले ते थेट तुळशीपर्यंत. त्यातला एक मांजराने उचलला.

डॉक्टर म्हणाले, मोडलेलं नाही, पण माकडहाडाला मार आहे, टेकून बसू नका. आईने माळ्यावरून कापडाची चुंबळ काढली. एके काळी तिच्या डोक्यावर, हंड्याखाली असलेली ही वस्तू माझ्या बुडाखाली आली.

पहिले आले शेजारचे अण्णा. "खंय पडलंस? शेवाळार? डोळे खंय होते?"

"शेवाळ नाही ते, अण्णा," आतून पुतणीचा आवाज. ती मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीवर आलेली. "सायनोबॅक्टेरिया. जिवाणू असतात ते."

अण्णांनी खुर्ची हातभर मागे घेतली. "म्हणजे, दुसऱ्याक लागता काय ता?"

झालं, शिकवणी सुरू. म्हणे आपल्या चिऱ्यांवरचा तो काळा, बुळबुळीत थर बराचसा यांचाच. यांना पूर्वी निळं-हिरवं शेवाळ म्हणत, पण पेशीत केंद्रकच नाही, म्हणून शेवाळाच्या कुळातून नाव कमी. आणि सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साचायला लागला तो यांच्यामुळे. म्हणजे मी ज्या हवेवर कण्हत होतो तीही त्यांचीच देणगी. पाडायचं त्यांनीच आणि 'आई गं' म्हणायला श्वासही त्यांनीच पुरवायचा!

समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला हे सगळं पहिल्यापासून ऐकावं लागे. मला तर उठून जायचीही सोय नव्हती.

१८७२ मध्ये फर्डिनांड कोन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने जिवाणूंना आकारावरून गटांत बसवलं : गोल, दांडीसारखे, पीळदार. हे मला पटलं. आमच्या वाडीतही माणसं अशीच ओळखतात. पण मग १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने रंगवायची युक्ती काढली. जांभळा रंग द्यायचा, आयोडीन घालायचं, अल्कोहोलने धुवायचं. ज्यांच्या पेशीची भिंत जाड त्यांच्यात जांभळा टिकतो, ते ग्राम पॉझिटिव्ह. बाकीच्यांचा धुऊन जातो, त्यांना मग गुलाबी द्यायचा. सांगून भागेना म्हणून पोरीने कॉलेजातून आणलेली बाटली काढली, आईच्या मडक्यातल्या दह्याचा ठिपका काचेवर घेतला आणि गॅसवर धरला. दह्यातले जांभळे होतात म्हणे. ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचे ते दिसतील, ओटा मात्र तिथल्या तिथे जांभळा झाला.

"माज्या धयाक शाय कित्याक लावतंस गो?" आई कडाडली.

खरी भानगड खाऱ्या बांगड्यांवरून झाली. बरणीतल्या माशांवर गुलाबी थर आला होता. मी म्हटलं, हे तरी जिवाणूच ना? तर नाही! मिठात राहणारे ते हॅलोबॅक्टेरियम. नावात बॅक्टेरियम, पण बॅक्टेरिया नव्हे. १९७७ मध्ये कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातला, आरएनए ताडून पाहिला, तेव्हा हे कूळच वेगळं निघालं. आर्किया. १९९० मध्ये अख्ख्या सजीवसृष्टीचे रीतसर तीन हिस्से पडले. त्यातही हे आर्किया जिवाणूंपेक्षा आपल्याच जवळचे. म्हणजे बरणीत खराब झाले ते बांगडे, आणि ज्यांनी खराब केले ते आमचे भाऊबंद. भाऊबंदांचा एकंदर अनुभव पाहता हे मी लगेच मान्य केलं.

वाटण्या तिथेही थांबत नाहीत. दही-लोणच्यात वावरणाऱ्या लॅक्टोबॅसिलस घराण्याचे २०२० मध्ये २५ तुकडे केले. आमच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत, त्याचं मला उगाच दडपण होतं.

कोपर खरचटलेलं पाहून आशाताईंनी तेवढं बजावलं : जखम उघडी ठेवून चिखलात जाऊ नका, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होईल. त्याचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात उतरतात. इतके बारीक आणि पीळदार, की ग्रामचा रंगही धड धरत नाहीत. इथे मात्र मी एकही विनोद केला नाही.

पंधराव्या दिवशी उठलो, खराटा आणि ब्लिचिंग पावडर घेऊन चिरे घासायला गेलो. आई दारातून म्हणाली, "नाव कायव असांदे, घासून काढ." दोन चिरे झाले. तिसऱ्याला पुतणी आडवी आली. "काका, एवढा ठेवा. प्रोजेक्टला हवाय." भोवती सुतळी बांधली, बारीक अक्षरात पाटी लावली : 'सायनोबॅक्टेरिया. कृपया पाय ठेवू नये.'

काल संध्याकाळी अण्णा चष्मा विसरून आले होते. पाटी वाचायला जरा जवळ गेले.

चुंबळ सध्या त्यांच्याकडे आहे.