रॅम वाढवून सर्व्हर मंदावला, त्याबद्दल

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, आणि तिचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. जुन्या सर्व्हरची रॅम वाढवण्याबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही सर्व्हरमध्ये रॅमच्या ३२ जीबीच्या चार स्टिक (पट्ट्या) वाढवल्या, मेमरी ३८४ची ५१२ जीबी झाली, आणि रात्रीचा रिपोर्ट लवकर संपायचं सोडून जास्तच रेंगाळू लागला. 'जुना सर्व्हर बदलायचा असतो, त्याला ठिगळं लावायला लोकांना शिकवू नका,' असं तुम्ही लिहिलंय, आणि डेटा जाण्याची भीतीही बोलून दाखवली आहे. ठिगळाचं नंतर बोलू, आधी तुमच्या सर्व्हरचं.

तुमच्याकडे इंटेलच्या झिऑन गोल्ड ६२०० मालिकेतले दोन प्रोसेसर आहेत. २०१९च्या या पिढीत प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे सहा चॅनेल, म्हणजे डेटा ये-जा करण्याच्या सहा वाटा, असतात. तुमच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा स्टिक होत्या, म्हणजे चॅनेलमागे एक. उत्तम मांडणी होती ती. प्रोसेसर डेटा सहाही वाटांवर सारखा वाटून देत होता. नव्या स्टिक प्रत्येक बाजूला दोनच आल्या, त्यामुळे दोन वाटांवर दुप्पट मेमरी आणि चार वाटांवर जुनीच. वाढलेल्या भागातलं काम आता दोनच चॅनेलवरून होतं. त्यात जुन्या स्टिक २९३३ वेगाच्या आणि नव्या २४००च्या. वेग मिसळला की सगळ्या स्टिक सर्वांत संथ स्टिकच्या चालीने चालतात. प्रत्येक प्रोसेसरची मेमरी बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) कागदावर सेकंदाला सुमारे १४१ जीबी होती, ती ११५वर आली.

हे लेखात यायला हवं होतं. 'रिकामे स्लॉट असतील तर रॅम वाढवा' एवढंच लिहून मी पुढे गेलो, ती माझी चूक, आणि तुमचे पैसे त्यात गेले याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण सर्व्हर भंगारात काढा, हे मला पटत नाही. तुम्ही विंडोज सर्व्हर वापरता. २०१६च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना कोअरच्या (प्रोसेसरमधल्या गणना करणाऱ्या एककांच्या) संख्येवर आहे, किमान १६ कोअरचा. तुमचे आठ-आठ कोअरचे दोन प्रोसेसर त्या किमानात नेमके बसतात. ३२ कोअरचा नवा सर्व्हर आणलात तर परवाने दुप्पट. ओरॅकल डेटाबेसची एंटरप्राइझ आवृत्ती असेल तर हा आकडा यंत्राच्या किमतीलाही मागे टाकतो. आणि नव्या सर्व्हरमध्येही स्टिक अशाच विषम बसवल्या, तर तोही असाच अडखळेल.

डेटा जाण्याची तुमची भीती मात्र रास्त आहे. घरगुती कॉम्प्युटरचे एसएसडी सर्व्हरमध्ये कधीच लावू नयेत. अचानक वीज गेली तर लिहिणं पुरं करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर त्यांच्यात सहसा नसतात. रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरीही तपासून घ्या. ती मेली की बहुतेक कंट्रोलर लिहिताना कॅशे (डेटा तात्पुरता ठेवायची वेगवान मेमरी) वापरणं थांबवतात आणि डिस्क एकदम संथ वाटू लागते. तुमचा रिपोर्ट मुळात यामुळेच रखडत होता का, हे रॅम घेण्याआधी बघायला हवं होतं, आणि ते सांगणंही माझंच काम होतं.

आता एक करा. बॅकअप पूर्ण झाल्यावर सर्व्हर बंद करून त्या चार स्टिक काढा, रिपोर्ट चालवा आणि वेळ नोंदवा. त्याच वेळी विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डिस्कची रांग (डिस्कपाशी खोळंबलेली कामं) आणि मोकळी मेमरी बघा. मेमरी खरंच अपुरी पडत असेल, तर सहाही चॅनेलवर सारखी भर घाला: २९३३च्याच १६ जीबीच्या बारा स्टिक, एकूण ५७६ जीबी. ३२ आणि १६ एकत्र कोणत्या स्लॉटमध्ये चालतात, ते सर्व्हरच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यात असतं. आकडे इथेच कळवा, मी पुन्हा बघतो. मूळ लेखात चॅनेलचा भाग आज रात्री जोडतोय.