गेट, कॅमेरे आणि ‘सेफ एरिया’चा फॉरवर्ड

फ्लॅट शोधणाऱ्यांच्या ग्रुपवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: शहराचा क्राइम रेट बघा, पोलीस ठाणं जवळ असू द्या, गेट आणि कॅमेरेवाली सोसायटी घ्या, झोपडपट्टीपासून लांब राहा, की मग डोळे झाकून टोकन द्या. उदाहरणं पुण्याची घेतो, पण हा सल्ला कुठेही तितकाच कच्चा आहे.

‘शहराचा क्राइम रेट बघा.’ एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, वार्षिक अहवाल राज्याचे, जिल्ह्याचे आणि मोठ्या शहरांचे आकडे देतो. त्यात कोथरूड आणि मुंढवा एकाच बेरजेत येतात. तुमच्या गल्लीबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय हे आकडे घडलेल्या गुन्ह्यांचे नसून नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजताना त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच धरतात. मोजतात त्या नोंदीच, त्यामुळे तक्रार निमूट लिहून घेणारं ठाणं कागदावर बदनाम होतं आणि ‘जाऊ द्या हो, मोबाईल परत मिळतो का कधी’ म्हणत माणसाला परत पाठवणारं ठाणं शांत दिसतं. नोंदणी वाढणं म्हणजे गुन्हे वाढणं नव्हे, हे खुद्द एनसीआरबीच आपल्या अहवालात बजावते. ते पान कोणी फॉरवर्ड करत नाही.

‘पोलीस ठाणं जवळ हवं.’ जवळचं ठाणं तुमचंच असेल असं नाही. रस्त्याच्या पलीकडे हद्द बदलते. वाकड-हिंजवडीची माणसं पत्ता पुणे सांगतात, पण १५ ऑगस्ट २०१८ पासून तिथे पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय आहे. ब्रोकरला आधी हे विचारा: हद्द कुठल्या ठाण्याची, चौकी कुठली? बहुतेकांना सांगता येत नाही.

आता गेट आणि कॅमेरे. पेपरात ‘बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून’ हे शब्द आपण इतक्यांदा वाचलेत की आता ते दिसतही नाहीत. यातले बरेच फ्लॅट वॉचमन असलेल्या सोसायट्यांतलेच असतात. चोराला गेट अडवत नाही, कारण दिवसभर डिलिव्हरीवाले, इस्त्रीवाले, इंटिरियरचे सुतार येत-जात असतात आणि वहीत ‘फ्लॅट ३०२’ लिहिलं की वॉचमनचं काम संपतं. कॅमेऱ्याचं तर विचारूच नका! मॉनिटर केबिनमध्ये असतो, त्यातले दोन चौकोन काळे असतात आणि चित्रीकरण किती दिवस टिकतं हे चेअरमनलाही माहीत नसतं. नेमकं हेच त्यांना विचारा. पार्किंगमध्येही एक चक्कर मारा. आतल्या आत लावलेल्या दुचाक्यांच्या चाकांत साखळ्या आणि कुलपं दिसली, तर रहिवाशांचा त्या गेटवर किती भरवसा आहे ते कळतं. जिन्यात वर जाताना नव्या रंगाखाली बुजवलेल्या चौकटी आणि कडीभोवतीची नवी पट्टी दिसते का बघा, ती जुन्या घरफोडीची खूण असू शकते.

‘झोपडपट्टी शेजारी नको.’ हा सुरक्षेचा निकष नाही, जातवर्गावरून नाक मुरडण्याचा प्रकार आहे. रात्री अकरापर्यंत टपरी, किराणा, पिठाची गिरणी चालू असलेल्या रस्त्यानं एकटी बाई निर्धास्त चालते. दोन टाउनशिपच्या उंच भिंतींमधल्या, एकही खिडकी न उघडणाऱ्या रस्त्यानं ती चालत नाही. आणि एनसीआरबीचेच आकडे घ्यायचे तर बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीतला असतो. त्याला गेटवर कोण अडवणार?

रविवारी सकाळी साइट बघून ‘किती शांत आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: कामाच्या दिवशी रात्री साडेदहाला बस थांब्यापासून गेटपर्यंत चालत जा. शक्यतो घरातल्या बाईलाही विचारा, ती या रस्त्यानं रोज येईल का.

मग बघायचं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशामुळे पोलिसांना एफआयआर ऑनलाइन टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर आयुक्तालय, ठाणं आणि तारखा निवडून ते वाचता येतात. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे नसतात, ज्यांचा एफआयआर होत नाही अशा अदखलपात्र तक्रारीही नसतात, त्यामुळे भांडणं-धमक्यांचा अंदाज त्यावरून येणार नाही. घरफोडीचा मात्र येतो. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांत भारतीय न्याय संहितेची ३०५ आणि ३३१ ही कलमं शोधा, त्याआधीच्यात जुन्या भारतीय दंड विधानाची (भादंविची) ३८०, ४५४, ४५७. सोनसाखळी हिसकावण्याला आता ३०४ हे वेगळं कलम आहे. घटनास्थळाच्या रकान्यात तुमचा रस्ता किती वेळा येतो, फ्लॅट बंद होते की माणसं घरात होती, वेळ दिवसाची की रात्रीची, हे वाचा. नावांशी आपल्याला कर्तव्य नाही.

चौकीनिहाय तीन वर्षांचे आकडे हवे असतील तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. तेवढे दिवस ब्रोकर ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणत राहील. म्हणू दे, तोवर एका संध्याकाळी पोर्टलवरचे एफआयआर वाचून होतात.